कार्डाएवढं अंतर

जलजाक्षीने एखादी गोष्ट मनावर घेतली की तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे म्हैसुरातल्या त्या गल्लीत दूधवाल्यापासून तिच्या शिवणक्लासच्या पोरींपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिच्या नवऱ्याला, आणि त्याने तिच्याबरोबर बत्तीस वर्षं काढली होती.

नंजुंडय्या यादवगिरीच्या कारखान्यात येझदी मोटरसायकलींची इंजिनं तपासायचा. नुसत्या आवाजावरून दुखणं कुठे आहे ते सांगायचा. कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्यापाशी स्वतःची एक येझदी, हत्यारांचा पत्र्याचा डबा आणि भरपूर ताठा एवढं उरलं. पुढे मधुमेहाने डोळे नेले. तरी एका सकाळी तो सवयीने गाडी बाहेर काढायला गेला, पायरी चुकली आणि गाडीसकट आडवा झाला. हाडं शाबूत राहिली, पण चार शेजाऱ्यांनी उचलून आत आणलं हे त्याच्या मनाला फार लागलं. त्या दिवसापासून त्याने गाडीला हात लावला नाही. जिन्याखाली गाडी गंजत राहिली आणि खोलीत हा भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. असं दोन वर्षं चाललं.

मग एकदा त्याने भंगारवाल्या खलीलला निरोप धाडला. खलील आला, गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, आयुधपूजेला चार महिने आहेत खरे, पण वर्षाची ती एक पूजा तिला घेऊ द्या, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला हातगाडी घेऊन येतो.

जलजाक्षी कॉफीचे पेले घेऊन उभी होती. त्या गाडीवर तिचा जीव होता असं मुळीच नाही. निळा धूर गिळण्यात आणि तेलकट शर्ट घासण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण गाडी गेली की हा माणूस त्या भिंतीपासून कधीच उठणार नाही, हे तिला लख्ख दिसलं.

"खलीलभाई, तोवर ती सुरू झाली तर?"

"तर मी कशाला येऊ, अम्मा?"

नंजुंडय्या भिंतीशीच बोलल्यासारखा म्हणाला, "बॉबिन भरणं वेगळं आणि इंजिन खोलणं वेगळं."

झालं. आता खुद्द चामुंडीदेवी आडवी आली असती तरी जलजाक्षी मागे हटली नसती.

तिने पदर खोचला. पिस्टन अडकून बसला होता; त्यात तेल-रॉकेल ओतून ती आठ दिवस थांबली आणि नवव्या दिवशी लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकत तो सोडवला. टाकीतला गंज चिंचेच्या पाण्याने काढला. दोन्ही सायलेन्सरच्या नळ्या न्हाणीच्या चुलीत घालून आतली काजळी जाळली, तेव्हा धुराने सगळी गल्ली खोकली. समोरच्या घरातला रुद्रमूर्ती, बँकेतून निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांच्या कामांवर देखरेख करणारा, रोज कठड्याला टेकून विचारायचा, अक्का, आज गाडीला काजं करायची की बटणं लावायची? ती म्हणायची, तुमच्या तोंडाला चेन बसवायची आहे, ती उरली तर गाडीला लावीन. सीट मात्र तिने अशी शिवली की रुद्रमूर्तीलाही नाव ठेवायला जागा उरली नाही.

अडलं की ती दारात जाऊन नवऱ्याला विचारी. तो शब्द मोजून उत्तर देई, आणि तेही भिंतीला. शेवटी राहिले ठिणगी पाडणारे पॉइंट, धातूचे दोन चिमुकले तुकडे.

"अहो, पॉइंटमध्ये अंतर किती ठेवू?"

"कार्डाएवढं."

आयुधपूजेच्या सकाळी गल्लीतली झाडून सगळी वाहनं धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभी होती. येझदीला विभूतीचे तीन पट्टे ओढले, कुंकू भरलेला कोहळा ओवाळून फोडला आणि दोन्ही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. ती लिंबं चिरडून गाडी पुढे गेली की पूजा पावली. खलीलसुद्धा आला होता. उद्याचं काम आहे की नाही ते त्याला आजच कळायला हवं होतं. नंजुंडय्या आतच बसला होता. तिने मुद्दाम खिडकी उघडी ठेवली होती.

जलजाक्षी मोपेड चालवून क्लासला जाणारी बाई; ती घाबरली नाही. तिने किक मारली. दोनदा काहीच नाही. तिसऱ्यांदा किकने उलटा झटका देऊन तिचा घोटा सडकला, पण त्याच झटक्यात इंजिन धडधडलं. क्लासच्या पोरींनी टाळ्या पिटल्या. येझदीला किक आणि गिअरचा दांडा एकच; तिने तो आत दाबून गिअरवर आणला, पहिला टाकला, क्लच सोडला, आणि गाडी मागे गेली. सरळ मागे, रुद्रमूर्तीच्या बादलीवर, आणि तिथेच बंद पडली. लिंबं जिथल्या तिथे राहिली.

गल्ली पोट धरून हसली. रुद्रमूर्ती म्हणाला, "शिवणाऱ्या बाईची गाडी, उलटी टीप घालणारच." जलजाक्षीचे डोळे भरून आले, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती चाकाकडे बघत राहिली.

तेवढ्यात आतूनही कुणीतरी हसलं. दोन वर्षांत त्या घरात कुणी न ऐकलेलं हसू होतं ते. नंजुंडय्या भिंत चाचपत दाराशी आला.

"इंजिन उलटं फिरलं गं. ठिणगी फार लवकर पडतेय. कुठलं कार्ड घातलंस?"

"आपल्या भाचीच्या, शकूच्या लग्नाचं."

"सोनेरी गणपतीचं? अगं, ते पुठ्ठ्याएवढं जाड. फट वाढली की ठिणगी आधीच पडते. कारखान्यात कार्ड म्हणजे पोस्टकार्ड. माझ्या डब्यातच होतं की."

होतं. डबा उघडला त्या दिवशीच तिला ते सापडलं होतं, तेलाने काळवंडलेलं, चतकोर. त्यावर सासूबाईंचं अक्षर दिसलं म्हणून तिने ते पुसून, नमस्कार करून देवाच्या तसबिरीमागे ठेवलं होतं.

"आईच्या पत्राने तुम्ही पॉइंट लावत होता?"

"वीस वर्षं. आता आण ते."

तिने आणलं. तो गाडीशी उकिडवा बसला, तिने त्याचा हात धरून पॉइंटच्या झाकणापर्यंत नेला, आणि तिथून पुढे हाताला कुणाची गरज लागली नाही. त्याने फटीत कार्ड सरकवलं, ओढून पाहिलं, स्क्रू आवळला.

या वेळी पहिल्याच किकला इंजिन लागलं. नंजुंडय्याने मान तिरकी करून ऐकलं. मग मागची सीट चाचपली आणि कुणाला न विचारता तिच्यावर बसला.

"पाय नीट ठेवा," जलजाक्षी म्हणाली. "आणि वळणावर आपलं शहाणपण करून कलायचं नाही." बत्तीस वर्षं तिने मागे बसून हेच ऐकलं होतं.

गाडी पुढे सरकली. पुढच्या चाकाखाली फच्च झालं.

"एक," नंजुंडय्या म्हणाला.

मागच्या चाकाखाली झालं.

"दोन. खलील, उद्या येऊ नकोस."