पूजेबाहेरचं यंत्र

वेदवतीअक्काबद्दल लिहायला बसलो की माझी बायको म्हणते, "आधी स्वतःची फजिती लिहा, मग तिचं कौतुक." तर तिथूनच सुरुवात करतो.

१९८७ साली कुंभकोणमच्या आमच्या कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला. मी गणिताचा लेक्चरर. मद्रासला जाऊन दोन आठवड्यांचा कोर्स केला होता, तेवढ्यावर मला कॉम्प्युटर सेंटरचा प्रमुख केलं. वासरांत लंगडी गाय शहाणी! उद्घाटनाला पुरोहित आले, पडद्याला चंदन-कुंकू लागलं, आणि प्रिन्सिपॉल वैद्यनाथ सरांनी मोठ्या भक्तिभावाने यंत्रासमोरच नारळ फोडला. अर्धं पाणी पितळेच्या ताटात पडलं, अर्धं कीबोर्डात. टाळ्या वाजायच्या थांबल्या. सगळ्यांनी प्रमुखाकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. मी माहितीपुस्तकाची पानं उलटायला लागलो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात ऑफिसातली टायपिस्ट पुढे आली. तिने आधी बटण बंद केलं, कीबोर्ड सोडवून उलटा धरला, अंबाड्यातला आकडा काढला आणि एकेक अक्षर उचकटून वर्तमानपत्रावर ओळीने मांडलं. कापसाने पुसून सगळं पंख्याखाली वाळत ठेवलं. दुसऱ्या दिवशी कीबोर्ड चालू झाला. मी थक्क होऊन विचारलं तर म्हणाली, "वीस वर्षें टाइपरायटर पुसतें आहें रे. त्यांत कापी सांडते, यांत नारळ. इतकेंच." कापी म्हणजे आमच्याकडची कॉफी.

ही वेदवतीअक्का. आम्ही दोघं मराठी घरांतली. आमचे पूर्वज मराठे राजांच्या काळात तंजावरकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. कॉलेजात ती सगळ्यांशी तमिळ बोले, माझ्याशी मात्र आजूबाजूला कुणी नसलं की मराठी. तिचा नवरा वेणुगोपाळ टपाल खात्यात पत्रं निवडायच्या कामावर होता. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि तो तापाने गेला. मूलबाळ नाही. "आमचे हे म्हणत, पत्र पोचलें म्हणजे हातांत पडलें. पेटींत पडलें म्हणजे पोचलें नव्हे," एवढं एक ती त्याच्याबद्दल वरचेवर सांगे.

नारळाच्या त्या दिवसानंतर तिची बदली सेंटरमध्ये झाली. कागदोपत्री प्रमुख मी, पण अडलेला माणूस सरळ तिच्याकडे जाई. आमचे तमिळचे प्रोफेसर फ्लॉपी पानाच्या डब्यात ठेवायचे. कुंभकोणमचा माणूस, पानाचा डबा हीच त्याची तिजोरी! चुना लागलेली ती फ्लॉपी वाचली जाईना, म्हणून ते यंत्राला शिव्या देत आले. अक्का हसली नाही. फ्लॉपी जमेल तशी पुसून तिने त्यातला मजकूर वाचवला आणि परत देताना स्वतःचा रिकामा स्टीलचा डबा दिला. "हा फक्त हिच्यासाठी, सर." मी असतो तर पान खाण्यावर व्याख्यान झोडलं असतं.

१९९६ मध्ये ई-मेल आली. सगळ्या कॉलेजला मिळून एकच पत्ता. रोज सकाळी मोडेममधून मद्रासला फोन लावायचा, लाइन टिकली तर पत्रं उतरवून घ्यायची. अक्का ती छापायची, कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडायची आणि ज्याचं पत्र त्याच्या हातात नेऊन द्यायची. कँटीनशेजारच्या फळ्यावर ती रोज खडूने खबर लिही: आज कुणाची पत्रं आली, कुठलं यंत्र बिघडलं, कधी सुरू होईल. एकदा लिहिलं होतं, "लाइन मेली आहे. दुरुस्तीवाला जेवायला गेला आहे. तीनला विचारा." प्रिन्सिपॉलची परिपत्रकं कुणी वाचत नसे, पण हा फळा शिपायापासून प्रोफेसरांपर्यंत सगळे वाचत.

त्याच्या पुढच्या वर्षी भुवनेश्वरीचं प्रकरण झालं. ही शेजारच्या दारासुरमच्या रेशीम विणणाऱ्या घरातली मुलगी, आमच्याकडून फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिचं नाव प्रतीक्षायादीत पहिलं होतं. जागा रिकामी झाली तर ई-मेल करू, चोवीस तासांत होकार आला नाही तर पुढच्या नावाला देऊ, असं त्यांनी कळवलं होतं. तिच्या घरी फोन नव्हता, म्हणून तिने कॉलेजचा पत्ता दिलेला. वडिलांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर तिरुभुवनमच्या विणकर सोसायटीत मामाने ठरवलेली कारकुनी. मुलगी रोज टाउन बसने यायची, फळ्यावर "भुवनेश्वरी: नाही" वाचायची आणि परत जायची. तीन आठवडे हेच चाललं. माझा धीर केव्हाच सुटला होता. अक्का मात्र तिला रोज सांगे, "नाही म्हणजे आज नाही."

मग नवरात्र आलं. आमच्याकडे सरस्वतीपूजेला पुस्तकं, हत्यारं, यंत्रं सगळी देवीपुढे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पुन्हा पूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. कॉलेजला सुट्टी, म्हणून आम्ही आदल्या दुपारीच पूजा उरकायचो. अक्का पक्की सोवळ्याची बाई. इतक्या वर्षांत त्या दिवशी तिने पेन्सिलसुद्धा उचलली नव्हती. तिनेच सगळ्या यंत्रांना चंदन-कुंकू लावलं, हार घातले. आरतीला वैद्यनाथ सर आले आणि थबकले. मेलचं यंत्र तसंच होतं, ना हार ना कुंकू.

"वेदवती, मुख्य यंत्रच विसरलात?"

"विसरले नाही, सर. ते राहू द्या."

"राहू द्या म्हणजे? घरात देव बसवायचा आणि थोरल्या मुलाला बाहेर उभं करायचं? हे सेंटर तुमच्या घरचं आहे का?" सगळ्या स्टाफसमोर ते असे कडाडले की पुरोहितांच्या हातातली घंटाही थांबली. आरती मधेच अडवायला नको, म्हणून प्रकरण तिथेच थांबलं. अक्का खाली मान घालून उभी होती. मी मूग गिळून बसलो. प्रमुख होतो, एक शब्द बोलायला हवा होता. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात. "शेषाद्री, सेंटरची किल्ली दे."

"आज? अक्का, आज सरस्वतीपूजा!"

"तूं तर देव मानीत नाहींस. तुज कसाला भीति?"

"देवाची नाही, प्रिन्सिपॉलची आहे."

ती हसली. मग म्हणाली, "आमच्या घरीं ज्या पोराची परीक्षा असे, त्याचें एक पुस्तक आई पूजेंत ठेवीत नसे. कुंकूं लागलें नाहीं तें पुस्तक वाचायास दोष नाहीं. त्या मुलीची परीक्षा अजून संपली नाहीं रे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई काल एवढं बोलून घेत उभी होती ते एका पुस्तकासाठी. मी किल्ली घेतली आणि स्कूटर काढली.

हार घातलेल्या यंत्रांमधून वाट काढत ती मेलच्या यंत्रापाशी बसली. लाइन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा तीन पत्रं उतरली आणि त्यांतलं एक पुण्याचं होतं. एक जागा रिकामी झाली आहे, उद्या सकाळी दहाच्या आत कळवा. आणि विजयादशमीची पूजा आमच्याकडे उद्या साडेदहाला व्हायची होती, त्याआधी सेंटर उघडलंच नसतं.

"पाठव होकार!" मी ओरडलोच.

"तिचा होकार मी कसा देऊं? पत्र तिचें आहे." तिने छापलेला कागद फाडला, घडी केली आणि पिशवीत ठेवला. "दारासुरमास चल."

भुवनेश्वरीच्या घरी मागालाही हार घातला होता, त्यामुळे घर नेहमीपेक्षा शांत होतं. अक्काने कागद मुलीच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला आणि वडिलांकडे पाहिलं. ते उठून मागापाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "दिवाळीला अजून अवकाश आहे. मी शब्द दिला होता. जा." मुलगी आमच्या मागोमाग भावाच्या सायकलवरून आली. यंत्रासमोर बसल्यावर तिची बोटं थांबली, आजूबाजूचे हार बघून. "याला कुंकू नाही, बाळ," अक्का म्हणाली. मग मुलीने स्वतःच्या हाताने चार ओळींचा होकार लिहून पाठवला. उठल्यावर अक्काच्या पाया पडायला वाकली ती रडतच. मीही खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत होतो.

सुट्टीनंतर फळ्यावर खबर होती: "भुवनेश्वरी: पुण्याला जागा मिळाली. यंत्र पूजेच्या दिवशी उघडलं ते मी. वेदवती." वैद्यनाथ सरांनी ती उभ्याने वाचली आणि ते ऑफिसात गेले. माफी मागण्याची त्यांना सवय नव्हती.

पुढच्या वर्षी पूजेला त्यांनी चंदनाची वाटी स्वतःच्या हातात घेतली. एकेका यंत्राला बोट लावत मेलच्या यंत्रापाशी आले आणि थांबले. "वेदवती, या वर्षी कुणी वाट पाहतंय का?"

"कुणी नाही, सर."

त्यांनी पुढे केलेलं बोट मागे घेतलं. "तरी राहू दे. एखादा असायचा," म्हणाले आणि पुढच्या यंत्राकडे वळले. अक्काने पदर डोळ्यांना लावला. येत्या मे महिन्यात ती रिटायर होणार होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुन्हा सेंटरवर. मोकळं ठेवलेलं यंत्र नुसतं ठेवू नये, असं तिचं म्हणणं. एकच पत्र उतरलं. तिने सवयीने नाव वाचायला मान पुढे केली आणि तशीच राहिली. पत्र तिचं होतं. अकरा वर्षं या खोलीत, दोन वर्षं लोकांची पत्रं वाटत होती, पण तिच्या नावाने एकही आलं नव्हतं.

भुवनेश्वरीने लिहिलं होतं: "अम्मा, आज आमच्या प्रयोगशाळेतही पूजा आहे. सगळ्या यंत्रांना झेंडूचे हार घातले. माझं मी बाहेर ठेवलंय. तुमच्या पत्राची वाट पाहते."

अक्काने कागद छापला, पट्ट्या फाडल्या, घडी घातली. मग खडू घेऊन बाहेर गेली आणि फळ्यावर लिहिलं, "वेदवती: एक पत्र."

"अक्का, आज कॉलेजात चिटपाखरू नाही. कोण वाचणार?"

"पत्र आलें कीं नांव लागतें," ती म्हणाली. आत येऊन हात धुतले, यंत्रासमोर बसली. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "शेषाद्री, आपलें पत्र कसें सुरू करतात रे?"

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो.