नागनाथाच्या रांगेत वाचलेला मेसेज

गेल्या श्रावणात मी नागनाथावर चिडूनच औंढ्याला गेले. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा होऊन तीन वर्षं झाली होती आणि मी घरात बसून होते. वर दर सोमवारी फोनवर कुठल्याशा रोजगार योजनेचा मेसेज यायचा: प्रिय उमेदवार, निराश होऊ नका, या आठवड्यात किमान पाच अर्ज करा. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. चपला झिजवायच्या मी आणि कष्टाचे धडे द्यायचे यांनी. पहिली ओळ दिसली की मी मेसेज पुसून टाकायची. त्याही सोमवारी एसटीत बसल्याबसल्या पुसला. सर्टिफिकेटांची फाईल पिंडीला लावायची, घरी जाऊन पेटीत टाकायची आणि उद्यापासून आईबरोबर शेतात निंदायला जायचं, असं ठरवूनच मी निघाले होते.

रांगेत माझ्यापुढे तांड्यावरची एक बाई होती. तिनं आपला फोन माझ्यासमोर धरला. "बाई, एवढं वाचून दे. पोरीच्या कामाचं येतं म्हणे. पोरगी घरी हाय, मला वाचता येत न्हाई."

बघते तर तोच मेसेज. मी म्हटलं, "काही नाही मावशी, नुसता उपदेश आहे."

"असू दे. समदं वाच. अर्धंच काहून सांगून राहिलीस?"

दातओठ खात मी तो उपदेश मोठ्यानं वाचायला घेतला. अगदी तळाला एक ओळ होती. हळदीच्या तपासणीसाठी लॅबचं शिक्षण झालेले उमेदवार हवेत, मुलाखत आज दुपारी दोनपर्यंत, हिंगोलीत मोंढा बाजाराजवळ. मी ती ओळ पुन्हा वाचली.

"माझ्या पोरीचं हाय का त्यात काही?" मावशीनं विचारलं.

"नाही हो. माझं आहे."

"तर उभी काहून राहिलीस? जाय. देव हितंच हाय. तुझ्या नावानं मी डोकं टेकवते."

दर्शन न घेताच मी रांगेतून बाहेर पडले. दीड वाजता मोंढ्यावर पोचले आणि आठ दिवसांनी कामावर रुजू झाले. ती ओळ मी सकाळी स्वतःच्या हातानं पुसली होती, हे आठवलं की माझ्याच तोऱ्याची लाज वाटते. पण कामाची एक ओळ सगळ्या उपदेशाच्या खाली, तीही मुलाखतीच्या दिवशीच धाडणाऱ्यांचा राग अजून गेलेला नाही. तो मी देवापासूनही लपवत नाही.

पहिल्या सुट्टीला औंढ्याला गेले. पिंडीवर डोकं ठेवलं आणि रडू आवरेना. म्हटलं, नागनाथा, माझं सगळं आता तुझ्यावर सोपवलं. पण त्या मावशीची पोरगी अजून घरीच असेल. तिचं नाव मी विचारलं नाही, तुला ठाऊक असेल. तिला धीर देत बसू नकोस. कामाचा पत्ता दे.