वेलदोड्याचा वास

परवा एका मैत्रिणीकडे चहाचा कप तोंडाशी नेला आणि वेलदोड्याच्या वासासरशी मी विश्रांतवाडीच्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

रविवारची सकाळ होती. दादाला आयटीत नोकरी लागली होती. अलीकडे त्याच्या तोंडात सतत वेलदोडा असायचा आणि आमच्याशी बोलताना तो मान वळवून बोलायचा. बाबांना पक्का संशय होता की भानगड मुलीची आहे. "परजातीची असणार, म्हणून लपवतोय," असं कुजबुजत ते धुवायला टाकलेला त्याचा शर्ट हुंगून अत्तराचा वास शोधत होते.

"अहो, प्रेमात पडलेला मुलगा आरशात बघतो," आई म्हणाली. "ह्यानं आठवडाभर दाढी केलेली नाही."

एवढ्यात दादा चहाला आला. आता आई "दारू पितोस का?" म्हणून कडाडणार, असं मला वाटलं. पण तिनं त्याच्यासमोर स्टूल ओढलं आणि विचारलं, "झोप कधीपासून लागत नाही रे?"

दादानं कप बशीत ठेवला. म्हणाला, "घेतल्याशिवाय लागतच नाही, आई."

बाबांच्या हातात शर्ट तसाच राहिला. आई दुसऱ्याच दिवशी त्याला मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन निघाली, तेव्हा बाबा पुटपुटले, "लोक विचारतील."

"विचारू देत. घरातल्यांनी आधी विचारलंय."

दादा आता पन्नाशीचा आहे, ठणठणीत आहे. आई मात्र तेव्हापासून चहात वेलदोडा नाही, आलंच घालते.

"अजून संशय आहे का गं?" तो हसून विचारतो.

"आहे," आई म्हणते. "जवळ येऊन बस."