वकिलांची धोतरं आणि माझी बंडी

मी फार बोलणारा माणूस नाही. पण आज चहा पुढे आलाच आहे आणि आमची मंडळी माहेरी गेली आहे, तेव्हा माझी एक फजिती माझ्याच तोंडून ऐका. ती घरात असती तर तिनेच सांगितली असती, आणि तिखटमीठ लावून. मी नुसतं मीठ लावीन.

आमचा धंदा परटाचा. रत्नागिरीत मांडवीच्या वरच्या अंगाला घर, मागे भट्टी, आणि भट्टीपलीकडे उघडा काळा कातळ. कपडे वाळवायला कातळासारखी जागा नाही. वैशाखात एक धोतर पसरून दुसरं झटकेपर्यंत पहिलं वाळलेलं असतं. थोडं वाढवून सांगितलं, पण थोडंच.

बापाने मला दोन इयत्ता शाळेत बसवलं आणि तिसऱ्या वर्षी भट्टीवर आणलं. त्याने एक नियम शिकवला. गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालायचा नाही. कपड्यातून आपोआप काही खाली पडलं, सुपारी म्हणा, बटण म्हणा, तर ते उचलायचं, आपल्या बंडीच्या खिशात ठेवायचं आणि कपड्यांबरोबर परत द्यायचं. हा नियम मी कधी मोडला नाही. चारचौघांत सांगतही असे. जरा जास्तच सांगत असे.

ही फजिती झाली त्या सुमारास मुंबईहून परतलेल्या एका गृहस्थाने बाजारात लाँड्री काढली. दारावर पाटी, आत टेबल. कपडे घेताना हा गिऱ्हाइकासमोर एकेक खिसा उलटा करून बघायचा. मला ते पाहून शिसारी आली. हा परीट की पोलीस, असं मी गावभर विचारत फिरलो.

आता मुख्य गोष्ट. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे वकिलांचं घर. बापाच्या वेळेपासूनचं. त्यांच्या मुलाचा साखरपुडा मुंबईला ठरला. पावसाळ्यात बोटी बंद होतात, त्याआधीची शेवटची बोट गुरुवारची. रविवारी वकिलांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, गाठोडं पुढे सरकवलं.

“धोंडू, बुधवारी संध्याकाळी कपडे हातात हवेत. ह्यांची सहा धोतरं आहेत. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी लाँड्रीत देते. एकदा तिकडे गेले की मग तिकडेच जातील हो.”

“वहिनी, माझा शब्द आहे.”

“शब्द नेसून साखरपुड्याला जाता येत नाही. धोतरं हवीत.”

सोमवारी भट्टी लावली. तुम्हाला भट्टी ठाऊक नसेल तर सांगतो. खाली पाण्याचा हंडा, त्याच्यावर सोड्यात बुडवून पिळलेले कपडे रचायचे, खाली जाळ घालायचा. वाफ कपड्यांतून वर जाते आणि मळ सुटतो. तळाला शाळेच्या गुरुजींचे सदरे रचले, त्यावर वकिलांच्या चादरी, त्यावर धोतरं. वर थोडी जागा उरली. उकाडा मरणाचा होता. अंगातली बंडी काढली आणि तीही वर टाकली.

बायको म्हणाली, “अवो, खिसं तरी बगा.”

“कुणाचे?”

“सगल्यांचं.”

“मी लाँड्रीवाला नाही.”

ती गप्प बसली. आमच्या घरात ती गप्प बसली की काहीतरी होतं, हे मला तोवर कळायला हवं होतं.

दुपारी भट्टी उघडली. वकिलांच्या धोतरांवर लाल ठिपके. एक नाही, दोन नाही, कुंकवाचा करंडा उपडा झाल्यासारखे. मी साबण घासला. ठिपका फिका होण्याऐवजी लांब झाला. हाताला तेलकट लागत होता आणि पाणी त्याच्यावरून घसरत होतं. मी विचार केला, ऊन कोणताही डाग खातं. सगळं उचललं आणि कातळावर पसरलं.

तासाभराने पाहिलं तर सुपारीएवढे डाग तळहाताएवढे झाले होते. ऊन डाग खात नव्हतं. डागच ऊन खाऊन माजत होता.

मंगळवारी मी गलबतवाल्या हसन नाखव्याचे कपडे धुतले. हे कपडे सोमवारच्या भट्टीत नव्हते, हे नीट लक्षात घ्या. पांढरे लेंगे, स्वच्छ धुतलेले, मी माझ्या हाताने कातळावर टाकले. उचलले तेव्हा लाल.

आता तुम्हीच सांगा, माणसाने काय समजावं? मी समजलो ते असं, की लाँड्रीवाला येऊन माझ्या कपड्यांवर रंग टाकून जातो. बायकोला तसं सांगितलं.

“त्येला दुसरी कामं नायत काय?” ती म्हणाली.

मी छत्री घेतली आणि कातळाच्या मधोमध पहाऱ्याला बसलो. भर दुपारी दोन तास बसलो. लाँड्रीवाला आला नाही. एक बकरी आली, तिला मी दगड मारला. मग हसन नाखवा लेंगे न्यायला आला. त्याची गलबतं मलबारपर्यंत जायची आणि त्याची जीभ त्यांच्याही पुढे.

“काय रे धोंडू, इथे काय करतोस?”

“चोर पकडतोय.”

“बरं. जरा ऊठ बघू. आता पाठ फिरव.”

मी पाठ फिरवली. वळून पाहिलं तर तो तोंडावर हात धरून हसण्याने हलत होता.

“चोर पकडायला बसलास,” तो म्हणाला, “आणि चोरावरच बसलास?”

माझ्या धोतराची मागची बाजू लालभडक झाली होती.

बायको आली, कातळावर नखाने खरवडलं आणि वास घेतला. “मेण हाय ह्या. काल तुमी कपडं टाकलंत तेवा ऊन लागून कातळाला चिकटलाय. आता ज्या काय टाकाल त्येला लागनार.” आणि वर म्हणाली, “लाँड्रीवाल्याची माफी मागा.” तो बिचारा तिथे नव्हताही, तरी मागा म्हणाली.

म्हणजे कातळाचा उलगडा झाला. पण मेण भट्टीत आलं कुठून? कुणाच्या तरी खिशातून, दुसरं काय. माझा नियम चोख होता, तेव्हा चूक गिऱ्हाइकाचीच. ती शोधायची आणि ज्याची त्याच्या पदरात टाकायची, असं मी ठरवलं.

बुधवारी सकाळी पहिले गुरुजी गाठले. शाळेत लाल खडू असतो, एवढं मला दोन इयत्तांत कळलं होतं.

“गुरुजी, तुमच्या सदऱ्यात खडू राहिला होता.”

गुरुजींनी चहासाठी उकळत असलेल्या पाण्यात एक लाल खडू टाकला, काठीने ढवळला आणि बाहेर काढून मला दाखवला. पाणी लालसर झालं, पण खडू तसाच होता.

“वितळला का?”

“नाही.”

“तेलकट झाला का?”

“नाही.”

“तिसऱ्या इयत्तेत राहिला असतास तर हे तेव्हाच शिकवलं असतं,” गुरुजी म्हणाले, आणि चहाचं पाणी ओतून दिलं. मला चहा मिळाला नाही.

मग राहिलं वकिलांचं घर. कागदांवर मोहोर मारायला वकिलांकडे लाल लाख असते. झालं. मी सगळी धोतरं गाठोड्यात बांधली, पुरावा म्हणून डागाळलेली बंडी अंगात घातली आणि वकिलांच्या ओटीवर उभा राहिलो.

वहिनींनी एक धोतर उलगडलं. “हे काय, धोंडू? साखरपुडा आहे की शिमगा?”

“वहिनी, ही साहेबांची लाख. तुमच्या गाठोड्यातून आली. दोष माझा नाही.”

वकील झोपाळ्यावर होते. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी झोपाळा थांबवला.

“लाखेचे कडक खवले पडतात. हे तेलकट आहे. पण ते राहू दे. तुझं काही नुकसान झालं?”

“झालं तर. ही बंडी बघा. सगळ्यात मोठा डाग माझ्या बंडीवर. सगळ्यांत जास्त मार मला बसलाय.”

“खरंय. भट्टीत सगळ्यात खाली काय होतं?”

“गुरुजींचे सदरे.”

“त्यांना किती डाग?”

“दोन-चार. बारीक.”

“आणि सगळ्यात वर?”

“माझी बंडी.”

“वितळलेलं मेण वर चढतं की खाली उतरतं?”

ओटीवर सगळे माझ्याकडे बघत होते. माझी मान अजून ताठ होती, कारण आपण आयुष्यात कधी चुकलो नाही ही खात्री मान वाकू देत नाही. मी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि सगळ्यांसमोर खिसा उलटा केला. बघा म्हटलं, काय आहे ते.

होतं. एक लाल गोळा. सुपारीसारखा कडक. त्यात दोन बटणं रुतलेली होती आणि एक खरी सुपारीही होती.

वकिलांची मुंबईची लेक दारात उभी होती. “अगबाई, हा तर आमच्या छोटीचा मेणाचा खडू. चित्रं काढायचा. रविवारपासून शोधतोय आम्ही.”

तेव्हा आठवलं. रविवारी गाठोडं सोडताना चादरीच्या घडीतून एक लाल कांडी पडली होती. काय आहे ते न बघता मी बंडीत टाकली होती. जपून. परत द्यायला. नियमाप्रमाणे.

“बटणंही आमचीच,” वहिनी म्हणाल्या. “प्रामाणिक आहेस, यात शंका नाही.”

मी म्हणालो, “कपडे लाँड्रीत द्या वहिनी. माझा शब्द गेला.” बापाच्या वेळचं घर होतं.

“लाँड्रीत द्यायला वेळ कुठे आहे? बोट उद्या आहे. इस्त्री आण.”

मी करवंटीचे निखारे घालून इस्त्री आणली. वहिनींनी वकिलांच्या टेबलावरचे सगळे टीपकागद उचलले. डागाच्या खाली एक कागद, वर एक, आणि त्यावर गरम इस्त्री. मेण वितळून कागदात जायचं आणि कागद लाल व्हायचा. मग नवा कागद. राहिलेला लाल ओघळ घासलेटच्या बोळ्याने पुसायचा आणि गरम पाणी-साबणाने धुवायचं. दिवेलागणीपर्यंत सहाही धोतरं पांढरी झाली. नाखव्याच्या लेंग्यांचे डाग दुसऱ्या दिवशी तसेच काढले. कातळावर मी गरम राख पसरली आणि चार दिवस कोयत्याने खरवडत बसलो. हसन नाखवा रोज येऊन विचारायचा, चोर सापडला का म्हणून.

वकील गुरुवारच्या बोटीने गेले. अंगाला घासलेटचा वास येत होता. बोटीवर शेजारी बसलेल्या माणसाने वाटभर बिडी पेटवली नाही, असं ते परत आल्यावर म्हणाले. त्यांना बिडीचा वास आवडत नसे, त्यामुळे ते खूश होते.

घर माझ्याकडेच राहिलं. पण वहिनींनी एक अट घातली. दर रविवारी गाठोडं उचलण्याआधी मी ओटीवर उभं राहायचं आणि माझे खिसे उलटे करून दाखवायचे. ही गोष्ट बायकोला आवडली आणि तिने गुरुजींना सांगितली, गुरुजींनी नाखव्याला सांगितली. महिन्याभरात सगळ्या आळीत तीच पद्धत पडली, आणि कुणी कुणी तर स्वतःच हात घालून बघू लागलं.

बापाने सांगितलं होतं, गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालू नको. ते मी शेवटपर्यंत पाळलं. पुढची पंचवीस वर्षं गिऱ्हाइकं माझ्या खिशात हात घालत होती.