इलेक्ट्रॉनला मराठीत काय म्हणतात

माझ्या मोठ्या मामांच्या नाकावर, उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यालगत, एक फोड होता. तो दोन वर्षं बरा होत नव्हता आणि मामा दोन वर्षं त्याला हळद लावत होते. तपासणीत तो कातडीचा कॅन्सर निघाला. मामांच्या डाव्या डोळ्यात लहानपणीच फूल पडलेलं आहे, त्यामुळे बघण्याचं सगळं काम उजवा डोळा करतो. ऑपरेशनला ते नाही म्हणाले. मग रेडिएशनसाठी ते त्यांच्या गावाहून, पिशोरहून, शहरात आमच्या गारखेड्याच्या फ्लॅटवर राहायला आले. दवाखान्यात सोबत मी जायचं ठरलं, कारण मी इंग्रजी शाळेत शिकले आहे. आमच्याकडे इंग्रजीतला कुठलाही कागद माझ्यासमोर येतो. शेगडीचं वॉरंटी कार्डसुद्धा.

डॉक्टरांनी दोन पद्धती सांगितल्या. एकीत नाकावर बसेल असा साचा करतात आणि त्यातल्या बारीक नळ्यांमधून किरणं कातडीजवळ आणतात. दिवस कमी लागतात, पण किरणं सगळीकडे जातात आणि डोळा अगदी लागून आहे. दुसरीत मशीनमधून इलेक्ट्रॉन सोडतात. ते थोडेसेच आत जाऊन थांबतात, शिवाय पापणीखाली धातूची छोटी वाटी बसवून डोळा झाकता येतो. त्यासाठी काही आठवडे रोज यावं लागतं. डॉक्टरांचा कल दुसरीकडे होता. मामा प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होते.

"यांना घरी नीट समजावा," डॉक्टर मला म्हणाले. "मनाविरुद्ध सुरू केलं की लोक मध्येच सोडतात."

मी ते फार मनावर घेतलं. फोनवर शब्द शोधले, वाक्यं मनात म्हणून पाहिली आणि संध्याकाळी मामांसमोर बसले.

"मामा, त्या मशीनमधून विजेचे कण येतात. अगदी बारीक. ते तुमच्या कातडीत जातात."

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरनं त्यांना एकदा लांब फेकलं होतं. तेव्हापासून ते बटण तुराटीनं, तुरीच्या वाळलेल्या काडीनं दाबतात.

"तुराटी घिऊन जाऊ का संगं?" ते हसले. मग उठून गावी परत जायला पिशवी भरायला लागले.

दुसऱ्या दिवशी फाइल परत घ्यायची आहे असं सांगून मी त्यांना दवाखान्यात नेलं. ते पिशवी घेऊनच आले. मशीनवरच्या बाईंनी पिशवी पाहिली आणि काय झालं ते विचारलं. मामांनी विजेचं सांगितलं.

"वीज कुठली ओ काका? शेक असतो, शेक. सगळेच घेतात."

"शेक व्हय? ही म्हणली करंट देत्यात."

मी करंट म्हणाले नव्हते. पण सहीचा कागद पुढं केला. मामांनी सही केली. कागदावर इलेक्ट्रॉन होते, मामांच्या डोक्यात शेक होता, आणि उपचार सुरू झाले.

पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. तव्यावर घडी घातलेलं फडकं होतं आणि मामा ते उचलून नाकाकडे नेत होते. तिथल्या कातडीला ऊब लावायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"ठेवा ते खाली," मी म्हणाले. मोठ्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा हुकूम सोडला होता.

"अगं, तिथं काहीच लागत नाय. गरम नाय का कोमट नाय. मशीन बंदच असंल. असला शेक मी पिशोरला बसून घीन. उद्यापासून येत नाय."

अर्धवट सोडलं तर फोड कुठल्या दिशेनं वाढेल, ते डॉक्टरांनी मला बोटानं दाखवलं होतं.

"तो शेक नाहीये, मामा. उन्हासारखं असतं. थंडीतलं ऊन कुठं लागतं? पण काळं करतंच."

"हे उन्हानंच झालं म्हणले ना डॉक्टर? मंग परत ऊनच?"

मुद्दा बिनतोड होता.

"मला मराठीत नाही सांगता येत," मी म्हणाले.

"मंग इंग्रजीत सांग की. तुला कुणी धरलंय?"

"इलेक्ट्रॉन."

मामांनी शब्द दोनदा म्हणून पाहिला. "इलेक्ट्रान. हां. हे औषध वाटतंय. हे सोडून वीज काय, ऊन काय!"

"ते लागत नाहीत," मी म्हणाले. "थोडं आत जातात आणि थांबतात. डोळ्यापर्यंत जात नाहीत." यातलं काहीच मी पाठ केलेलं नव्हतं.

"मंग फडकं नको?"

"नको."

त्यांनी गॅस बंद केला.

मामा शेवटच्या दिवसापर्यंत आले. नाक लाल झालं, सोललं, नंतर भरलं. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. मामांनी सगळ्यात खालची ओळ वाचली आणि त्याखाली बारीक छापलेलं छापखान्याचं नावही वाचलं.

आता पिशोरमध्ये कुणी विचारलं की ते इलेक्ट्रान घेतलं म्हणून सांगतात. म्हणजे काय, असं पुढं विचारलं की माझा नंबर देतात.

"त्याला मराठीत शब्द नाय," ते म्हणतात. "माझी भाची इंग्रजी शाळेतली हाय. तिलाबी नाय सापडला."