गावचा मामा

वरवंडच्या बालवाडीच्या सुमनबाई झोपेतच गेल्या, हे मला दौंडच्या भाजीबाजारात कळलं. त्रास झाला नाही ऐकून हायसं वाटलं. त्याहून हायसं वाटलं ते आमचं भांडण त्याआधी मिटलं म्हणून... निदान मी तरी तसं मानतो.

दुष्काळात माझी धाकटी बहीण हिरा वरवंडजवळ रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. तिची मुलगी वर्षाची होत आली, तरी अंगावरच्या दुधावरच होती. आमच्याकडे मामा मांडीवर घेऊन पहिला घास भरवतो. ते उष्टावण झाल्याशिवाय लेकराला अन्न देत नाहीत. मामा मी. शिरूरला हातगाडीवर भाजी विकून नुकता उभा राहत होतो. भाचीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून चांदीच्या वाटीसाठी सोनाराशी घासाघीस चालली होती. तो उतरेना, मीही हटेना. यात माझं काय चुकलं, ते मला आजही कळत नाही.

कामावरच्या बायकांची पोरं तेव्हा सुमनबाई झाडाखाली सांभाळायच्या. भाचीला उभं राहायचंही बळ नव्हतं. डाळीच्या पाण्यात भाकरी कुस्करून भरव, असं बाई हिराला सांगून थकल्या. हिराचं एकच, "दादा आल्याबिगर कसं?" मग बाईंनी वाद सोडला आणि कामावर आमच्या न्हावऱ्याचं कोण आहे ते शोधलं. दगडू नावाचा माणूस निघाला. माहेरच्या गावचा तो भाऊच, म्हणत त्याच्या मांडीवर पोरीला बसवलं आणि उष्टावण उरकलं.

पुढे मी वाटी घेऊन पोहोचलो, तेव्हा हे कळलं. माझा मान परस्पर दुसऱ्याला देणाऱ्या तुम्ही कोण, म्हणून मी सगळ्यांसमोर आवाज चढवला.

"भांडा की मामा," बाई म्हणाल्या, "पर जरा हळू. ती जेवतीया."

मग वाटी हातात घेऊन म्हणाल्या, "झ्याक हाय. हिच्यात घालायला काय आणलंय?"

त्या दिवसापासून दर बाजाराला पालेभाजी देणं माझ्या गळ्यात पडलं. संध्याकाळची उरलेली देतो म्हटलं, तर "सकाळचीच पायजे." घासाघिशीत मला हरवणाऱ्या त्या एकट्याच. दुष्काळ सरल्यावर बालवाडीतही तेच चालू राहिलं. भाजी त्या आयांनाच निवडायला, शिजवायला लावायच्या आणि तिखट घालण्याआधी पोरांपुरती वेगळी काढायला सांगायच्या. एक आई कुरकुरली, "थुकतंय की त्ये." बाई म्हणाल्या, "थुकू दे. उद्या परत दे. तू तरी नवऱ्याला बघून पयल्याच दिशी हसली व्हतीस का?"

भाची आता शाळेत जाते, मेथी मागून खाते. तरी माझ्या मनातली अढी गेली नव्हती. गेल्या महिन्यात बाई अंथरुणाला खिळल्याचं ऐकून गेलो आणि तिथेही तेच विचारलं. "मला निरोप का धाडला नाही?"

"धाडला असता तर वाटीबिगर आला असता?"

"आलो असतो," मी म्हणालो.

बाई म्हणाल्या, "मग चुकलं माझं."

मला एवढंच हवं होतं.

परवा बालवाडीत भाजी उतरवत होतो. टेम्पो खोळंबला होता. दारात एका अनोळखी बाईने अडवलं. "तुमचं गाव कंचं?"

"न्हावरे."

"माझं म्हायेर न्हावरंच. भाऊ लांब हाय, त्येचं येणं व्हत न्हाई. बसा."

सुमनबाईंनी घालून दिलेली रीत तिथे कोणी मोडलेली नाही. मी बसलो. तिने पोर माझ्या मांडीवर ठेवलं, ताटली पुढे सरकवली. पोर माझ्या तोंडाकडे बघतच नव्हतं, हाताकडे बघत होतं. मी भाकरी आणखी बारीक कुस्करली.