सिंधुबाईनं दाखवलेलं ओसाड गायरान

माणूस चेअरमन झाला की त्याला कमी दिसायला लागतं, हे मी तीन संस्थांचा सभासद राहून शिकलो. आमच्या दूध संस्थेच्या चेअरमनला गावात म्हशी किती उरल्या ते दिसत नव्हतं. त्याचं ठीक होतं, एक डोळा आधीच गेलेला. पण सुंदररावांचे दोन्ही डोळे शाबूत होते, आणि त्यांना चाळीस एकराच्या टेकडीवर एक झाड दिसलं नाही.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. दुष्काळाचं सलग तिसरं वर्ष. सिरसाळ्यापासून तीन कोसावर आमचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर गायरानाची टेकडी. सुंदररावांनी वनश्री वृक्ष उत्पादक सहकारी संस्था काढली होती. टेकडी नांगरायची, भोवती तार मारायची, आणि सगळीकडे सुबाभूळ लावायची, असा बेत. त्यासाठी सरकारात अर्ज गेला. त्यात लिहिलं होतं, ‘सदर टेकडी पूर्णतः ओसाड असून तिच्यावर एकही उपयुक्त वनस्पती नाही.’ आम्ही अकरा संचालक. ठरावाला अकराही जणांनी हात वर केला. मी चौथी शिकलेला, पण हात वर करायला तेवढंही शिक्षण लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सिंधुबाई माझ्या दारात. ही बौद्धवाड्यातली, पन्नाशीची बाई. जमीन टीचभर नाही. नवरा रोजगार हमीवर खडी फोडायचा, आणि घर चालायचं सहा शेळ्यांवर. शेळ्या चालायच्या त्या टेकडीवर. बहात्तरच्या दुष्काळात तिनं सासू, दीर, पोरं सगळी त्याच टेकडीच्या पाल्यावर जगवली होती.

“म्हाळूभाऊ, टेकडीला तार मारली की माझ्या शेळ्या कुठं न्यायच्या? सुंदररावाच्या माडीवर?”

“आता ठराव झाला, सिंधुबाई.”

“तुमी हात वर केलता?”

“सगळ्यांनीच केला.”

“सगळ्यांचं म्या इचारलंच न्हाई.”

एवढं बोलून ती गेली. मला पाणीसुद्धा मागितलं नाही. खरं सांगायचं तर मी पाणी विचारलंही नव्हतं.

आता सुंदररावांची अक्कल पाहा. संस्थेला वर्षातून एक जनजागृतीचा कार्यक्रम दाखवावा लागे. अंबाजोगाईच्या एका कॉलेजचे राधाकिशन सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्यांना लोकांसाठी ‘वनस्पती परिचय फेरी’ काढायची होती. आणि त्याच आठवड्यात टेकडी ओसाड आहे की नाही हे बघायला महसुलातले साहेब येणार होते. दुसरा कोणी असता तर त्यानं दोन दिवस धरले असते. सुंदरराव म्हणाले, “जीप एकदाच येऊ द्या, जेवणावळ एकदाच होऊ द्या. साहेबांनाच फेरीचा प्रमुख पाहुणा करू. हार घातला की माणूस मऊ पडतो.” आम्ही पुन्हा हात वर केले.

फेरीत दाखवायचं काय? तर सुबाभळीची दोनशे रोपं. पिशव्यांत लावून टेकडीच्या पायथ्याला ओळीनं मांडली होती. कार्यक्रमाच्या दिवशी बघतो तर दोनशेच्या दोनशे काड्या. झालं काय, की रोपांना पाणी कोणी घालायचं याचा विषय सभेपुढं होता, पण गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब झाली. ठरावाशिवाय पाणी कसं घालायचं? संस्थेची विहीर शंभर पावलांवर, तिच्यात दुष्काळातही दोन पुरुष खोल पाणी, आणि आम्ही अकरा संचालक त्या रोपांवरून रोज सिरसाळ्याला जात-येत होतो.

तोवर जीप आलीच. साहेब उतरले. सर उतरले, गळ्यात भिंग अडकवलेलं. मागं टेंपोभर शहरातली मंडळी, टोप्या घालून. हार झाले, नारळ झाला. मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे.

एका बाईनं पायाजवळचं झुडूप दाखवून विचारलं, “सर, हे काय आहे?”

सरांनी भिंग लावलं. बराच वेळ लावलं. “फूल असल्याशिवाय निश्चित नाव सांगणं शास्त्रीय होणार नाही.”

“फूल येईस्तोवर काय उपाशी बसायचं का?” मागून आवाज आला. सिंधुबाई शेळ्या घेऊन वर निघाली होती.

सर हुशार माणूस, तेवढं मान्य करतो. म्हणाले, “बाई, तुम्ही सांगता का?”

सुंदररावांना बरंच वाटलं. वेळ मारून न्यायची होती. “हिला च्या पाजा रे,” ते म्हणाले, “बोलंल घटकाभर.”

“च्या ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली आणि पुढं झाली.

“हा तरोटा. चोळून बघा, घाण वास येतो. कवळा असला की त्याची भाजी, बी भाजून कॉफी. ही पाथरी, दुभत्या शेळीला द्यायची. खाऊन बघा सायेब, मरत न्हाई तुमी.” साहेबांनी पान खाल्लं, तोंड वाकडं केलं, आणि अजून एक मागितलं. “ह्यो दगडीपाला, इळा लागला की रस पिळायचा. ही रिंगणी, दाढ दुखली की हिच्या बियांची धुरी. त्यो हिवर, त्याच्या शेंगांवर शेळ्या उन्हाळा काढत्यात.”

सर वहीत लिहीत पळत होते. तरवडापाशी त्यांनी विचारलं, “याचा उपयोग?”

“सालीनं कातडं कमवत्यात. आमी छप्पन साली ते काम सोडलं.” मग सुंदररावांकडं वळून म्हणाली, “ह्यांच्या बापाच्या मोटंचं कातडं कमवायला ह्याच टेकडीवरची साल लागायची. आता ह्यांना झाड दिसंना.”

सुंदरराव हसले. का हसले ते त्यांनाच ठाऊक. संचालक मंडळ त्यांच्या मागं हसलं. मीही.

दोन तास ती चालवत होती. टोपीवाली मंडळी घामाघूम झाली, पण मागं कोणी फिरलं नाही. बेचाळीस झाडं झाली तेव्हा साहेब एका दगडावर बसले. पिशवीतून अर्ज काढला, ते ओसाडचं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, “चेअरमनसाहेब, हे कोणत्या टेकडीबद्दल आहे?”

“साहेब, हीच... म्हणजे ही आपली रानटी झाडं. ह्यांना कोण झाड म्हणतंय?”

“मी आताच दोन पानं खाल्ली,” साहेब म्हणाले. तिथंच बसून त्यांनी अहवाल लिहिला. सरांची वही मागून घेतली आणि बेचाळीस नावं एकाखाली एक उतरवली. शेवटी लिहिलं, गायरान आहे तसंच ठेवावं.

सुंदररावांनी जेवायला चला म्हणून फार आग्रह केला. साहेब जेवले. अहवाल मात्र तसाच गेला.

खाली उतरताना सर सिंधुबाईला म्हणाले, “आमच्या कॉलेजात या. मुलांसमोर बोला.”

“तुमच्या तिथं गायरान हाय का?”

“बाग आहे ना. चांगली मोठी.”

“मंग माळ्याला इचारा,” ती म्हणाली, आणि शेळ्या हाकत परत टेकडी चढायला लागली. दुपारचं चारणं अजून राहिलं होतं.